हसा की जरा, म्हणे!

बैस. मोबाइल पालथा ठेव आणि मी बोलते ते मधे तोंड न घालता ऐक. वर्गात होतास तेव्हा प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आत तुझा हात वर जायचा आणि उत्तर हमखास चुकायचं. ती खोड अजून गेलेली नाही.

परवा संध्याकाळी कांचघर चौकात चार माणसांदेखत तू वडिलांना म्हणालास, ‘‘बाबा, काका काहीतरी विचारतायत ना, हसा की जरा!’’ आणि लगेच त्या काकांकडे वळून, ‘‘अब क्या बताएँ, इनका तो यही चलता है. नाटक.’’ मी पलीकडच्या हातगाडीवर मेथी बघत होते. सगळं ऐकलं. तुझ्या वडिलांनीही ऐकलं. त्यांचे कान ठणठणीत आहेत आणि अक्कलही. दोन्ही तुझ्यापेक्षा बऱ्या अवस्थेत आहेत.

नाटक करायला चेहरा लागतो. तोच या आजाराने त्यांच्याकडून काढून घेतलाय. पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, हातपाय मंदावतात तसे चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात. पापण्या कमी लवतात, ओठांचे कोपरे वर जात नाहीत, आवाज बारीक होतो. आत हसू आलं तरी बाहेर पोचत नाही. आणि आत रडू कोंडलं तरी तेही पोचत नाही, ही त्यातली मेख. घरच्यांना कळत नाही, शेजाऱ्यांना कळत नाही, घाईतल्या डॉक्टरलाही कधी कधी निसटतं. मंद हालचाल, उडालेली झोप, गेलेली भूक, सततचा थकवा ही कंपवाताचीही लक्षणं आणि उदासीचीही. मग सगळं एकाच खात्यावर मांडून लोक मोकळे होतात.

तुमच्या डॉक्टरांच्या नजरेतून मात्र वडिलांची उदासी सुटली नव्हती. त्यांनी दोन कागद दिले. गोळ्यांचा कागद त्याच दिवशी औषधाच्या दुकानात पोचला. समुपदेशकाकडे जाण्याचा कागद तुझ्या स्कूटरच्या डिकीत, पेट्रोलच्या पावत्यांखाली पडलाय. मला कसं कळलं ते विचारू नकोस, आणि घरी जाऊन बायकोवर डोळेही वटारू नकोस. ती दिवसातून चार वेळा घड्याळ बघून गोळ्या देते, सदऱ्याची बटणं लावते, रात्री त्यांना कूस बदलून द्यायला उठते. तू काय करतोस? तू दारात उभा राहून ‘‘मन घट्ट करा’’ म्हणतोस आणि ऑफिसला जातोस.

मेंदूच्या मुळाशी काळसर पेशींचा एक पुंजका असतो. त्या पेशी डोपामीन नावाचं रसायन बनवतात. हात थरथरायला लागतो तोवर त्यातल्या निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त, संपलेल्या असतात. डोपामीन नुसतं हात हलवायला लागतं असं समजू नकोस. एखादी गोष्ट करावीशी वाटणं, ती केल्यावर बरं वाटणं, यातही त्याचा वाटा असतो. शिवाय याच आजारात सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन बनवणाऱ्या पेशींचीही पडझड होते. म्हणून कित्येकांत उदासी आधी येते आणि कंप मागाहून, कधी कधी काही वर्षांनी. आठव जरा. त्यांचा हात थरथरू लागायच्या कितीतरी आधी त्यांनी गणेशोत्सवाच्या हिशेबातून अंग काढून घेतलं होतं. तेव्हा तू मला सांगितलंस, रिटायर झाल्यापासून बाबा तुसडे झालेत. जेम्स पार्किन्सनने १८१७ साली लंडनमध्ये सहा रोग्यांच्या निरीक्षणावरून या आजारावर पहिला निबंध लिहिला, त्यात बुद्धी आणि ज्ञानेंद्रियं शाबूत राहतात असं नोंदवून ठेवलं. मोठा माणूस. त्याचा जन्मदिवस, ११ एप्रिल, जग आजही पार्किन्सन दिन म्हणून पाळतं. मनाच्या बाबतीत त्याची नजर तोकडी पडली, पण तो दोनशे वर्षांपूर्वीचा होता; तुला ती सवलत नाही. २००८ साली जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा या आजाराच्या दर शंभर माणसांत ३५ जणांना दखल घ्यावी इतकी उदासी आढळली. तीनातला एक. तुझे वडील त्या एकात आहेत आणि तू त्याला नाटक म्हणतोस.

आता वहीकडे ये. गणेशोत्सवाच्या वर्गणीची जुनी वही माझ्याकडे आहे, म्हणून सांगते. गन कॅरेज फॅक्टरीत, १९०४ पासून तोफांचे गाडे बनवणाऱ्या त्या कारखान्यात, या माणसाची सगळी हयात मोजमापात गेली. धातूला हात लावून कुठे किती घासायचं राहिलंय ते सांगायचे. अक्षरही तसंच, मोजून काढल्यासारखं. त्यांनी लिहिलेलं शेवटचं पान बघ. पहिली ओळ टपोरी. चौथ्या ओळीपासून वेलांट्या आत ओढल्या गेल्यात. पानाच्या तळाशी अक्षरं मोहरीएवढी, एकमेकांच्या अंगावर चढलेली, आणि बेरीज मात्र अचूक. अक्षर असं आक्रसत जाणं हेही याच आजाराचं लक्षण. पुढे बँकेत सही जुळेना. खिडकीपलीकडच्या पोराने ‘‘अंकल, साइन मैच नहीं हो रहा’’ म्हणून फॉर्म परत केला, पुन्हा परत केला. मागे रांग खोळंबलेली, कुणीतरी हसलं. तेव्हापासून ते बँकेत गेले नाहीत. मग देवळात जाणं सुटलं. मग सतपुल्यापर्यंतचं संध्याकाळचं फिरणं. तू म्हणालास, आळस.

समुपदेशक नेमकी हीच साखळी हातात धरतो, म्हणून नीट ऐक. सही जुळली नाही, ही घटना. ‘मी आता कुठल्याच कामाचा उरलो नाही, चारचौघांत गेलो की हसं होणार’ हा तिच्यावरून काढलेला निष्कर्ष. एका उदाहरणावर प्रमेय सिद्ध करणाऱ्याला मी शून्य द्यायचे, तुला ते चांगलं ठाऊक आहे. उदास मन दिवसभर हेच करतं. मग तो निष्कर्ष कागदावर उतरवायचा, त्याच्या बाजूने काय पुरावा आहे आणि विरुद्ध काय आहे ते मांडायचं, आणि बाहेर पडून ताळा करायचा. गुरुवारी गोलबाजारच्या दत्तमंदिरात आरतीला जायचं. किती जणांनी हाताकडे पाहिलं आणि किती जणांनी ‘‘बऱ्याच दिवसांनी!’’ म्हणत खुर्ची पुढे सरकवली, ते घरी येऊन लिहायचं. निघताना भीती शंभरपैकी किती होती, परतताना किती उरली, तेही लिहायचं. पुढच्या आठवड्यात जरा अवघड जागा निवडायची. हा गृहपाठ असतो. दर आठवड्याला तपासला जातो. आणि सगळी भीती खोटी असते असं कुणीच म्हणत नाही. बँकेतली अडचण खरी होती. तिथे नवी नमुना सही देता येते, हात अगदीच चालत नसेल तर साक्षीदारांसमोर अंगठा देता येतो. जिथे अडचण खरी तिथे तोडगा, जिथे निष्कर्ष खोटा तिथे ताळा. याला तू गप्पा म्हणतोस?

विचार असा उलटासुलटा तपासायची रीत आपल्याला परकीही नाही. कि. मो. फडक्यांनी अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत मराठीत आणून रुजवली, ठाण्यात आनंद नाडकर्णींनी १९९० साली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था काढली. तुझ्या जन्माच्या आसपासच्या गोष्टी आहेत या. तुला व्हॉट्सअ‍ॅपवरचा खाजकुइलीच्या बियांचा चुरा तेवढा सापडतो. त्या बियांत त्यांच्या गोळीतलं लेव्होडोपाच असतं, हे तरी माहीत आहे का? डॉक्टरला न विचारता गोळीवर तो चुरा देणं म्हणजे मापाबाहेर औषध देणं. तो डबा आजच्या आज टाकून दे.

गृहपाठाची वही एक, दुसरी वही गोळ्यांच्या वेळांची ठेवायची. लेव्होडोपाचा अंमल उतरला की हात जड होतातच, पण कित्येकांचं मनही त्याच घटकेला खाली बसतं. छातीत धडधड होते, ‘आता काही खरं नाही’ असं वाटायला लागतं. पुढची गोळी लागू पडली की तोच माणूस स्वतःहून चहा मागतो. महिनाभर नोंद केलीत तर कदाचित दिसेल की त्यांचं साडेअकराला आणि चारला गप्प होणं घड्याळाला बांधलेलं आहे. तसं असेल तर न्यूरॉलॉजिस्ट गोळ्यांच्या वेळा हलवतील. गोळीबरोबर वाटीभर वरण देत असाल तर तेही सांगा, प्रथिनांमुळे काही जणांत गोळीचं शोषण अडतं. आणि जे गप्प होणं घड्याळाला जुमानत नाही, सकाळपासून रात्रीपर्यंत तसंच राहतं, ते समुपदेशकाच्या वाट्याचं. वहीच नसेल तर कोणतं कुणाचं हे ठरवणार कसं?

‘‘आम्ही बोलतोच की त्यांच्याशी, बाई.’’ हे वाक्य तुझ्या ओठांवर आलेलं मला दिसतंय. काय बोलता? जेवलात का. गोळी घेतली का. पाय उचलून टाका. सांडू नका. याला बोलणं म्हणायचं तर स्टेशनवर गाडी लेट असल्याची घोषणा होते तोही संवादच. त्यांना शब्द बाहेर काढायला वेळ लागतो. ते वाक्य सुरू करतात, तू मधेच उचलून पुरं करतोस, आणि चुकीचं पुरं करतोस. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघून ‘‘कैसा लग रहा है?’’ विचारलं तर उत्तर तू दिलंस, ‘‘ठीक हैं.’’ तुला विचारलं होतं का?

आकडे हवेत? घे. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठाच्या परिसरात रोझॅन डॉबकिन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पार्किन्सन आणि उदासी दोन्ही असलेली ८० माणसं घेतली. नेहमीची देखभाल सगळ्यांना. त्यातल्या एका गटाला वर दहा आठवडे, आठवड्याला एक याप्रमाणे, विचार-वर्तन उपचाराच्या बैठका. २०११ साली निकाल छापला. बैठका घेतलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना ठसठशीत गुण आला, नुसत्या देखभालीवर राहिलेल्यांपैकी ८ टक्क्यांना. मधले ४८ कुठून आले ते मला फळ्यावर मांडून दाखव. आणि शंभरातल्या ४४ जणांना पुरेसा गुण आला नाही, हेही लिहून घे, कारण मी तुला गंडा-ताईत विकत नाही. बोलण्याने कंप थांबत नाही. कुणी तसा दावाही केलेला नाही. उदासीवरची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर तीही चालू ठेवायची, मनाने बंद करायची नाही. दोन्ही बरोबर चालतात.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट तुझ्या कानाशी ओरडून सांगावी अशी आहे. रोग्याबरोबर राहणाऱ्या माणसालाही त्यात वेगळ्या बैठका होत्या, चारपर्यंत. रोग्याशिवाय, एकट्याला. का? तर आठवड्यातला एक तास समुपदेशकाचा आणि उरलेले १६७ तुमचे. समुपदेशकाने तासाभरात उभं केलेलं तू चहाच्या एका घोटात पाडू शकतोस, ‘‘नाटक’’ एवढं म्हणून. ते ‘‘मी निरुपयोगी झालो’’ म्हणाले की ‘‘छे हो, असं काही नसतं’’ म्हणून विषय झटकायचा नाही आणि वादही घालायचा नाही. आज काय घडलं म्हणून असं वाटलं, एवढं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. बटण लावायला त्यांना सात मिनिटं लागतात ना? मग सात मिनिटं आधी तयारीला बसवा. सगळंच दुसऱ्याने केलं की माणसाला आपण ओझं आहोत याचा रोज नवा पुरावा मिळतो. हे शिकायला तुला जावं लागेल. बायकोला एकटीला पाठवून चालणार नाही. तिला त्या वेळात खरं तर झोपू दे.

‘‘जबलपुरात मराठीत बोलणारा समुपदेशक कुठून आणू?’’ हा प्रश्न बरा आहे. एवढा एकच बरा आहे. पहिलं, मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे, तिथून सुरुवात होते. दुसरं, २०२० साली त्याच डॉबकिनबाईंनी ७२ जण घेऊन त्यांतल्या एका गटाला हाच उपचार टेलिफोनवर दिला. तीन महिने दर आठवड्याला, मग सहा महिने महिन्यातून एकदा. तीन महिन्यांनी फोनवाल्या गटात ४० टक्क्यांना गुण आला, दुसऱ्या गटात एकालाही नाही. तेव्हा नागपूर, पुणे, ठाणे, जिथे मराठी बोलणारा प्रशिक्षित माणूस मिळेल तिथे फोन लागतो. आणि नागपूरला लग्नकार्यं असली की सिवनीवरून रातोरात गाडी हाणतोस, तेव्हा ते लांब नसतं. तिसरं, बड्या पदवीवाचून अडून बसू नकोस. गोव्यात विक्रम पटेल आणि ‘संगात’च्या लोकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत उदासीच्या रोग्यांना साध्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठका दिल्या. मन लागो न लागो, ठरलेलं छोटं काम ठरल्या वेळी करायचं आणि त्याची नोंद ठेवायची, असा त्याचा गाभा. ४९५ माणसं होती. तीन महिन्यांनी बैठका घेतलेल्यांत ६४ टक्के उदासीतून बाहेर, इतरांत ३९. ती माणसं पार्किन्सनची नव्हती, हे मी लपवत नाही. पण शिकवलेला, मोजून मापून केलेला संवाद आपल्या माणसांवर चालतो, हे त्यातून कळतं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, रोगी आणि घरचे तिथे एकमेकांशी मराठीत बोलतात. मुंबईत डॉ. सिंघल आणि डॉ. मारिया बरेटो यांनी २००१ साली पार्किन्सनच्या रोग्यांसाठी सोसायटी काढली. पुण्यातच हृषीकेश पवार हा कथक शिकलेला नर्तक कंपवाताच्या लोकांना नाचायला शिकवतो. तुझ्या वडिलांना मी नाचायला सांगत नाही. सांगितलं तर तेच मला छडी दाखवतील. पण दारं एवढी आहेत.

मराठीचा मुद्दा मी मुद्दाम धरला. फॅक्टरीत जन्मभर हिंदी बोललेला माणूस, पण ‘‘जीव नको झालाय’’ हे त्यांनी तुझ्या बायकोला मराठीतच सांगितलं.

हो. सांगितलंय. गेल्या महिन्यात, ताटावरून उठताना. तुला माहीत नव्हतं, कारण तुला सांगितलं तर तू काय म्हणशील हे तिला माहीत होतं.

आता मान वर कर आणि हे पाठ कर. असं बोलणं कानावर आलं की आठवड्याची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. मरणाबद्दल विचारलं तर नसलेला विचार मनात भरतो, हा अडाणीपणा आहे. आज रात्री शेजारी बसायचं, टीव्ही बंद करायचा आणि सरळ विचारायचं, ‘‘बाबा, मरून जावंसं वाटतं का? काही करायचं मनात येतं का?’’ ‘हो’ म्हणाले तर ओरडायचं नाही, रडायचं नाही, देवाची शपथ घालायची नाही. एकटं सोडायचं नाही. गोळ्यांचा डबा बायकोच्या कपाटात, कुलपात. रात्री-अपरात्री कुणी सापडेना तर १४४१६, टेली मानस, सरकारी आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, आणि भाषा निवडता येते. कागदावर लिही. मोबाइलमध्ये नको, कागदावर, फ्रिजवर लाव.

लोक वेडा म्हणतील ही भीती तू तुझ्यापाशी ठेव. कांचघरच्या लोकांना बोलायला तू चौकात भरपूर दिलंयस, त्यात यापेक्षा वाईट काही असणार नाही.

तर उद्या. डिकीतला कागद काढायचा आणि फोन करायचा. मिळेल ती वेळ घ्यायची नाही, त्यांच्या गोळीचा अंमल असेल ती वेळ मागायची. गोळीनंतर साधारण तासाभराने. सदरा त्यांचा त्यांना घालू दे. रिक्षातून उतरताना हात पुढे करायचा, ओढायचा नाही, आणि दारात पाय अडला तर मागून ढकलायचं नाही, थांबायचं. आत ते एकटे जातील. समुपदेशकाने बोलावलं तर तू आत जायचंस, आणि प्रश्न त्यांना असेल तर तू तोंड मिटून बसायचंस, मग उत्तर यायला पाच मिनिटं लागोत. नाही बोलावलं तर बाहेर बाक असतो. ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा आत्ता, माझ्यासमोर टाक.